शाजियाचं नोकरी मार्गदर्शन

कारंज्यात पोपटाची शाळा कुठे असं विचारलंत तर कोणीही तुम्हाला माझ्या दुकानासमोर आणून उभं करील. पाटीवर ‘ब्लू पॅरट प्री-स्कूल’ लिहिलंय आणि भिंतीवर निळाशार पोपट काढलाय. निळा पोपट आमच्या गावात कोणाच्या आज्यानंही पाहिला नसेल, पण फी भरून पोर घालायचं म्हटल्यावर हिरवा पोपट आईबापांना स्वस्तातला वाटत असावा. त्याच्या अगदी समोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान. मी जानराव. लोकांच्या भांडणात पडू नये म्हणतात, मी पडतो. ज्या भांडणाची ही गोष्ट आहे त्यात मी पहिल्या दिवसापासून शाजियाच्या बाजूचा होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला न्यायाधीश समजाल.

शाजिया म्हणजे गुलाम नबी पिंजाऱ्याची मुलगी. गाद्या-रजया भरून देणारं घर. अंगणात कापूस, ओट्यावर कापूस, माणसांच्या भुवयांत कापूस. त्या घरात रडणाऱ्या पोराला गप्प करायची एक पद्धत होती. बाजारातून मूठभर कच्चा कापूस आणायचा, पोराच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचं, यातली सरकी काढून दाखव. सरकी म्हणजे कापसाचं बी. ते रुईला असं घट्ट धरून बसलेलं असतं की मोठ्या माणसालाही ओढून काढावं लागतं. पोर त्या ओढाओढीत गुंततं आणि आपण रडत होतो हेच विसरतं.

बारावीनंतर शाजियानं बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला आणि पोपटाच्या शाळेत लागली. जूनच्या शेवटी शाळा उघडते तेव्हा त्या गेटवर जो आकांत चालतो तो ऐकून नवखा माणूस पोलिसांना फोन करील. शाजिया एकेका पोराला मांडीवर घेऊन बसायची, कापसाचा पुंजका हातात द्यायची, आणि निघालेली प्रत्येक सरकी लगेच आपल्या मुठीत घ्यायची. एका वेळी एकच पोर, हा तिचा कायदा. काम झालं की टोपली कपाटावर. बाकीच्या बायका चॉकलेट आणि धाक यांच्यावर भागवत होत्या, आणि पोरं मात्र शाजियाचा पदर सोडत नव्हती.

शाळेची मालकीण तनुजा. बाई कष्टाळू, हे मी नाकबूल करत नाही. भिंतीवरचा तो पोपट तिनं स्वतः शिडीवर चढून रंगवलाय. पण चूक झाली की ती दुसऱ्याच्या पदरात टाकायची, हा तिचा जुना रोग.

एके दिवशी एका मुलाला उलटी झाली म्हणून शाजिया त्याला धुवायला मागच्या मोरीवर घेऊन गेली. इकडे तनुजाला पुढच्या वर्षाच्या जाहिरातीसाठी मोबाइलवर व्हिडिओ काढायचा होता. तिनं कपाटावरची टोपली खाली काढली, सगळी पोरं गोल बसवली, सगळ्यांपुढं कापूस टाकला, व्हिडिओ काढला, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून बोलत बोलत बाहेर गेली. अजहर नावाच्या पोरानं एक सरकी नाकात घातली. डॉक्टरांनी चिमट्यानं ती काढली आणि दुपारपर्यंत पोरगं खिदळायला लागलं, म्हणजे तसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते गेटवर.

अजहरची आई अख्तरी शाजियाच्याच गल्लीतली, नवऱ्याचं चपलांचं दुकान. ती धावत आली तेव्हा सुटीची वेळ होती, पालकांची गर्दी होती. तनुजा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी हिले कितीदा सांगतलं का हा कापूस आनू नको. ऐकतच नाही. ह्या बाईले पोरायजवळ ठेवनंच चूक होती माही.”

शाजिया “मी तर मोरीवर होती” म्हणाली, पण वाक्य पुरं व्हायच्या आत अख्तरीनं तिच्या थोबाडीत मारली. मी काउंटरवर होतो. आवाज रस्त्याच्या अलीकडे ऐकू आला.

खरं काय ते मला प्रयागबाईकडून कळलं. प्रयागबाई म्हणजे शाळेतली मावशी, पोरांचं हगणं-मुतणं काढणारी. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. मोबाइलमध्ये रिचार्ज मारायला आली आणि तिथंच रडायला लागली. “मी बोलली असती जानराव, पन माहीबी नोकरी गेली असती ना रे.” माझा संताप संताप झाला, पण या म्हातारीवर तरी काय ओरडायचं!

शाजियाची नोकरी गेली, आणि त्यानंतर गावातल्या एकाही बालवाडीनं शाजियाला दारात उभं केलं नाही. मग एके सकाळी ती माझ्या दुकानात येऊन बसली. डोळे कोरडे. मला त्याचीच भीती वाटली.

“जानरावभाऊ, लहान पोरायच्या शिक्षनात देशात कुठं कुठं नोकऱ्या असते, कोन कोन घेते, काय काय शिकाव लागते, ते सारं मले काढून द्या.”

“तुह्यासाठी?”

“माह्यासाठीबी.”

ते ‘बी’ मला तेव्हा कळलं नाही. मी आपला शोधत बसलो. आणि खरं सांगतो, मलाच पत्ता नव्हता की हे एवढं मोठं जग आहे. आमच्या गावात बालवाडीची बाई म्हणजे लग्न होईपर्यंत वेळ घालवणारी पोरगी, असाच समज. पण इथं तर मुक्त विद्यापीठाची घरबसल्या पदविका होती, अंगणवाडीची भरती होती, तिच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेची परीक्षा होती. सरकारी शाळांत बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ग, सुरू होत होते. पुण्या-नागपूरच्या कंपन्यांना पाळणाघरं चालवायला शिकलेली माणसं हवी होती. संस्था होत्या, ज्या गावोगावच्या बालवाडी शिक्षिकांना प्रशिक्षण द्यायच्या. दिल्लीला या क्षेत्रातल्या बायकांची एक देशभराची संघटना होती, जिची सभासद कोणीही शिक्षिका होऊ शकत होती, आणि ती आपल्या सभासदांना कुठं जागा निघाली ते कळवायची.

शाजिया शिकायला लागली. पदविका केली. स्वतःच्या वस्तीतल्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली, ती तिला मिळाली. दिल्लीच्या संघटनेची सभासद झाली, आणि दोनेक वर्षांत संघटनेनं कारंजा आणि मानोरा तालुक्यांसाठी तिला आपली प्रतिनिधी नेमलं. काम काय, तर या भागातल्या बालवाडी शिक्षिकांना प्रशिक्षणाची आणि नोकऱ्यांची माहिती द्यायची. बिनपगारी काम, पण करायला हुरूप पाहिजे. तिच्याकडे तो पोटात जळत होता.

अंगणवाडी सुटली की ती माझ्या दुकानात यायची. मी आत पंख्याखाली टेबल देत होतो. तिनं ते उचलून बाहेर, थेट पोपटाच्या गेटसमोर मांडलं. वर मला एक फलक छापायला लावला: ‘बालवाडी शिक्षिकांसाठी मोफत नोकरी मार्गदर्शन’. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

“अवं, तू सूड घेऊन राह्यली!” मी म्हणालो.

“मंग? माहेरघर मांडून राह्यली का मी इथं?” ती म्हणाली. “पोरं नाही नेत तिची. पोरायनं काय केलं? मी तिच्या बाया नेतो. एक एक. आनी प्रत्येकीले तिच्यापेक्षा चांगल्या जागी नेऊन बसवतो. मंग एक दिवस ती मले बलवाले येईन. तवा मले फक्त एक पाह्यजे. त्याच गेटवर, पालकायसमोर, तिनं तिच्या तोंडानं सांगाव का टोपली मी काढली होती.”

मला काय झालं सांगू? गुदगुल्या झाल्या. सूड घ्यायचा तर असा, की ज्याच्यावर घेतोय त्याला तक्रार करायलासुद्धा जागा सापडू नये. मी त्या दिवशी तिला स्वतःच्या हातानं चहा करून दिला, आणि आले घालायलाही विसरलो नाही.

पहिली गेली ती गाणी शिकवणारी. तिला वाशीमला एका सरकारी शाळेच्या बालवाटिकेत लावून दिलं. मग नर्सरीची बाई अकोल्याला एका प्रशिक्षण संस्थेत गेली, तिथून ती आता इतरांना शिकवते. एकीला मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसवलं. तिच्या पोराला आम्ही दुकानात सांभाळायचो आणि ती मागच्या खोलीत अभ्यास करायची. पास झाली तेव्हा पेढे घेऊन आधी शाजियाकडे आली, मग देवाकडे. प्रत्येक वेळी तनुजा नवी बाई शोधायची, तिला कामाला लावायची, आणि ती जरा तयार झाली की माझ्या दुकानासमोरच्या खुर्चीत येऊन बसायची.

तनुजा एकदा रस्ता ओलांडून आलीच. “शाजिया, तू माह्या बाया फोडून राह्यली.”

“फोडत नाही म्याडम. वर चढवून राह्यली. तुमालेबी पाह्यजे असन त सांगा, तुमच्या वयालेबी एक कोर्स हाय.”

तनुजानं मग थेट दिल्लीला संघटनेकडे तक्रार केली, की तुमची प्रतिनिधी माझ्या शाळेतल्या शिक्षिकांना नोकऱ्या लावून देते. तिकडच्या लोकांनी त्यावरून चौकशी केली, आकडे मागवले, आणि उत्तम काम केल्याबद्दल शाजियाला प्रशस्तिपत्र पाठवलं! ते मी फुकट लॅमिनेट करून दिलं. शाजियानं ते दुकानाच्या काचेवर लावलं, तोंड रस्त्याकडं करून. त्या आठवड्यात मी इतका हसलो की बायको म्हणाली, तुमाले काही झालं त नाही ना!

शेवटी तिथं धड शिकवणारी एकच उरली, नमरा. विशीतली, हळवी, पोरांवर जीव टाकणारी. ती काही जायला तयार नव्हती. शाजियानं तिच्यासाठी मानोऱ्याला जागा हेरली होती. तिथल्या तांड्यांवरची माणसं हंगामात कामाला बाहेर जातात, तेव्हा मागं राहिलेल्या लहान पोरांसाठी एक संस्था केंद्र चालवते. पगारही बरा, कामही खरं. नमरा खुर्चीत बसून ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती.

“शाजियाबाजी, एक विचारू? तुमी माह्यं भलं करून राह्यल्या का म्याडमचं वाईट?”

मी कागद लावायचं सोडून कान दिला.

“दोनी,” शाजिया म्हणाली. “खोटं कायले सांगू तुले?”

“पन मी गेली त जूनमधी नवीन पोरायले कोन घेईन?”

“तेच त पाह्यजे मले, का कोनी नसलं पाह्यजे.”

नमरानं ओढणीचं टोक सोडलं. मला वाटलं उठून जाईल. पण मानोऱ्याची नोकरी तिला खरंच हवी होती, घरी बाप आजारी होता. ती “बरं” म्हणाली आणि शाजियाकडं न पाहता निघून गेली. तिच्या मागोमाग प्रयागबाईसुद्धा सुटली. शाजियाच्या अंगणवाडीत मदतनीस हवीच होती, आणि म्हातारीची सूनबाई त्या जागेत बसत होती. “आता घरी बस आनी नातवाले खेळव,” असं शाजियानं तिला ठणकावलं. म्हातारीनं आनंदानं पोपटाला रामराम केला.

आणि मग शाळा उघडायचा दिवस आला. त्या दिवशी शाजियानं रजा घेतली होती. सकाळीच येऊन खुर्चीत बसली, नवा ड्रेस, केस नीट विंचरलेले, जणू कोणाच्या लग्नाला निघालीय. मीही दुकान लवकर उघडलं होतं. लाज कशाची? मला बघायचंच होतं.

गेटवर गाड्या लागल्या, रिक्षा लागल्या, आणि आकांत सुरू झाला. आत तनुजा आणि कालपरवा बारावी झालेल्या दोन पोरी. त्या पोरींतली एक स्वतःच रडायला लागली. एका मुलानं तनुजाच्या हाताला चावा घेतला. एक मुलगी चपला टाकून रस्त्यापर्यंत पळत आली, तिला भाजीवाल्यानं पकडलं. आयांचा जीव निघेना, त्या गेटच्या जाळीतून हात घालून पोरांना धरून उभ्या. “टीचर कुठं हाय? जुन्या बाया कुठं गेल्या?” म्हणून ओरडा. दोनचार जणी तर पोरांना उचलून परत निघाल्या.

तनुजा रस्ता ओलांडून आली. केस सुटलेले, हातावर दातांचे वळ.

“शाजिया, चल. पाया पडते तुह्या. पगार तू सांगशीन तो. मुख्याध्यापिका म्हनून चल.”

“पगार नको. मले काय पाह्यजे ते तुमाले मालूम हाय.”

तनुजाचा चेहरा पडला. तिला खरंच माहीत होतं. याचा अर्थ इतकी वर्षं तिलाही ते विसरता आलं नव्हतं, आणि ते पाहून मला आणखीच बरं वाटलं. तिनं एकदा मागं वळून त्या रडारडीकडं पाहिलं. मग ती परत गेली, गेटच्या पायरीवर चढली, आणि टाळी वाजवली. शाजिया तिच्या मागं रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिली. मीही गेलो.

“आयका,” तनुजा म्हणाली. “काही वर्षांखाली इथं एका पोराच्या नाकात सरकी गेली होती. मी सगळ्यायले सांगतलं का शाजियाची चूक हाय. तिची नव्हती. ती तिथं नव्हतीच. टोपली मी काढली होती, व्हिडिओ कराले. पोरायले सोडून मी फोनवर गेली. मी खोटं बोलली.”

एवढं म्हणून ती खाली उतरली. मी गर्दीकडं पाहिलं, आता काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. ही सगळी त्यानंतर आलेली आईबापं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एकजण म्हणाला, “हे काय सांगून राह्यल्या म्याडम? पोरायचं काय ते सांगा ना!”

पण गर्दीत एक जण जुनी होती. अख्तरी. धाकट्या मुलीला सोडायला आलेली, कडेवर ती पोरगी किंचाळत होती. शाजियाला तिला पाहायचंच होतं. ती सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“आयकलं ना, अख्तरीआपा?”

“हाव बाई, आयकलं. कोनाच्या नाकात गेली होती सरकी?”

“तुमच्या अजहरच्या.”

“अजहरच्या?” अख्तरीनं कपाळाला आठ्या घातल्या. “असन बाई. तो लहानपनी काय काय घाले नाकात. एकदा त चन्याची डाळ घातली होती.”

“याच गेटवर तुमी मले मारलं होतं. तुमच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. एक फुटली, तिचा तुकडा माह्या कानाखाली लागला. हे पाहा, अजून डाग हाय.”

अख्तरीनं डाग पाहिला. अगदी जवळून, मन लावून पाहिला. बाई खोटं बोलत नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिला खरंच काही आठवत नव्हतं.

“मी मारलं? या अल्ला! मले त काहीच याद नाही गं. मारलं असन त माफ कर बाई, त्या वख्ताले डोकंच फिरलं असन माह्यं.” आणि लगेच, श्वासही न घेता, “तूच घेतो का मंग हिले? पाह्य ना कशी रडून राह्यली. तुह्याजवळ राहीन ती.” असं म्हणून तिनं पोरगी शाजियाच्या हातात दिली, पोरीच्या गालावरून हात फिरवला, आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघूनही गेली.

शाजिया त्या पोरीला धरून उभी राहिली. पोरीनं तिचा नवा ड्रेस मुठीत पकडला होता. सगळ्या आया तिच्याकडं बघायला लागल्या. तनुजानं गेट सताड उघडलं आणि बाजूला झाली. मला वाटलं, आता ही आत जाईल. पोरगी रडत असताना शाजिया जागची हलली नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

ती गेटपर्यंत गेली. पोरीच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या आणि पोरगी तनुजाच्या कडेवर दिली.

“तुमची शाळा, तुमची पोरं,” म्हणाली. “माह्यावाल्या अंगणवाडीत आहेत.”

पोरगी आणखी मोठ्यानं किंचाळली, शाजियाकडं हात पसरून. शाजिया वळली आणि माझ्याबरोबर रस्ता ओलांडून आली. खुर्चीत बसली. मी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणालो, “झालं वं तुह्या मनासारखं! गेटवर, सगळ्यायसमोर, तिच्या तोंडानं!”

तिनं पाणी घेतलं नाही. समोर तनुजा एका पोराला कडेवर, एकाला हाताला धरून, तिसऱ्याच्या मागं धावत होती, आणि ते दृश्य पाहण्यासाठी आम्ही दोघांनी इतकी वर्षं काढली होती.

“जानरावभाऊ,” शाजिया म्हणाली, “रोज झोपताना मी ती थोबाडीत आठवत होती. नमरानं मले विचारलं तवाबी आठवली, म्हनून तिले पाठवलं. आनी जिनं मारली तिले मालूमच नाही.” ती माझ्याकडं वळली. तिचे डोळे पहिल्या दिवसासारखेच कोरडे होते. “आता मी कोनावर राग धरू, सांगा ना?”

मी लोकांचे एवढे अर्ज भरून दिले, एवढी उत्तरं शोधून दिली. या वेळी माझ्या हातात नुसता पाण्याचा ग्लास होता. रस्त्यापलीकडं पोरं रडत होती, आणि त्यांना गप्प करू शकणारी गावातली एकुलती एक बाई माझ्या दुकानासमोर दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती.